शिकारीची शिदोरी

एकत्र कुटुंबांत प्रवासाला एक मनुष्य निघतो आणि सामान बारा जणें भरतात, हा आपल्याकडील जुना संप्रदाय आहे. काशीयात्रेला काय न्यावें, पंढरीच्या वाटेवर कोणतीं औषधें जवळ असावींत, परदेशीं शिकावयास जाणाऱ्या मुलाच्या पेटींत मेतकुटाचा डबा कोणत्या कोपऱ्यांत बसवावा, यांविषयीं प्रत्येक घरांत एक अलिखित शास्त्र असतें, आणि त्या शास्त्राचे अधिकारी बहुधा माजघरांत बसलेले असतात. परंतु धनुष्यबाण घेऊन परदेशीं हरणाच्या शिकारीस निघालेल्या गृहस्थाची पेटी कशी भरावी, याविषयीं आमच्या कुळांत कोठेंहि आधार सांपडेना. पूर्वजांनीं पळी-पंचपात्री, पोथ्या आणि फार तर एखादी पगडी मागें ठेविली. भाता कोणीं ठेविला नाहीं. त्यामुळें गेले आठ महिने आमच्या नगरच्या वाड्यांत जी तयारी चालली आहे, तिचें शास्त्र आम्हांसच नव्यानें रचावें लागलें. आमच्या वाचकांपैकीं कोणावर असा प्रसंग येण्याचा संभव थोडा आहे, हें आम्ही जाणतों. तथापि या तयारींतून जो प्रश्न घरांत उभा राहिला, तो कोणत्याहि विचारी कुटुंबापुढें ठेवण्यासारखा आहे असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

धनुष्य आमच्या घरांत प्रथम आणलें तें आमच्या पुतणीनें. सन २०२३ च्या ऑगस्ट महिन्यांत साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षीं बर्लिन येथें धनुर्विद्येंत जगज्जेती झाली, आणि त्याच दिवशीं नागपूरच्या ओजस देवतळे यानें पुरुषांचें जगज्जेतेपद मिळविलें. त्या वार्तेनें महाराष्ट्रांतील कितीएक मुलामुलींच्या मनांत धनुष्य शिरलें. आमच्या पुतणीच्या मनांतून तें माजघरांत आलें. तिला रोज गांवाबाहेरच्या मैदानावर पोंचविण्याचें काम आमच्याकडे होतें. झाडाखालीं रिकामें बसण्यापेक्षां हातांत कांहीं धरावें म्हणून आम्हींहि एक धनुष्य उचललें, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर बारा वर्षांच्या मुलीचें शिष्यत्व पत्करलें. गुरु कडक मिळाला. "काका, खांदा वर उचलूं नका," हें वाक्य आम्ही स्वप्नांतहि ऐकतों.

आपल्या देशांत या विद्येची मजल कागदी लक्ष्यापर्यंतच आहे, आणि तें योग्यच आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें येथील शिकारीचा छंद संपविला. आमच्या जिल्ह्यांत कर्जत तालुक्यांत रेहेकुरी येथें काळविटांसाठीं १९८० सालीं अभयारण्य झालें. विस्तार जेमतेम दोन चौरस किलोमीटरांचा. पण संध्याकाळच्या उन्हांत बाभळीमागून एखादा काळवीट मान उंचावून पाहूं लागला म्हणजे तेवढी भूमि पुरेशी वाटते. मुलांना घेऊन आम्ही तेथें अनेकदां गेलों आहों. तेथें धनुष्याची आठवण आम्हांस कधींहि झाली नाहीं, हें येथें नमूद करून ठेवितों.

शिकारीचें निमंत्रण आलें तें सातासमुद्रांपलीकडून. आमचे धाकटे बंधु वीस वर्षें अमेरिकेंत विस्कॉन्सिन राज्यांतील मॅडिसन शहरीं राहतात. आम्ही धनुर्धारी झाल्याचें ऐकून त्यांनीं कळविलें कीं दिवाळीनंतर यावें, आणि धनुष्य घेऊनच यावें. त्या राज्यांत पांढऱ्या शेपटीच्या हरणांचे कळप फार. १९३४ सालीं तेथें केवळ धनुष्यानें करावयाच्या शिकारीसाठीं निराळा हंगाम प्रथम नेमला गेला; आतां तो सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या आरंभापर्यंत चालतो. घरच्या सभेंत हें पत्र वाचून दाखविल्यावर प्रथम शांतता पसरली. मग थोरल्या वहिनींनीं "भाऊजी, थंडी किती असते तिकडे?" असें विचारलें, आणि तयारीस सुरुवात झाली. आमच्या घरांत कोणत्याहि गंभीर प्रश्नाचा विचार असाच कपड्यांपासून सुरू होतो.

वस्तूंची यादी करूं गेल्यावर आमचें धनुष्यच अपुरें ठरलें. धनुष्याचा ताण पौंडांत मोजतात. मैदानावरचें आमचें धनुष्य सव्वीस पौंडांचें. विस्कॉन्सिनच्या नियमांत हरणासाठीं निदान तीस पौंड हवेत, आणि बंधूंच्या मतें चाळीस असावेत. कारण असें कीं, दुबळा बाण कागदाला भोंक पाडून थांबला तर बिघडत नाहीं. जनावराच्या अंगांत अर्धवट थांबला तर तें जनावर दिवसेंदिवस झिजून मरतें. धनुष्याच्या मधल्या मुठीस रायझर आणि वरखालच्या पात्यांस लिम्ब म्हणतात. रायझर तोच ठेवून लिम्ब बदलतां येतात. तीस, चौतीस, चाळीस असे चढत जाण्यास आम्हांस सहा महिने लागले. या वयांत पाठीच्या स्नायूंना नवें शिकविणें हें संस्कृताची रूपें पाठ करण्याहून कठीण आहे.

सरावाचीहि तऱ्हा बदलावी लागली. शिकारी तेथें झाडावर पंधरा-वीस फूट उंच बांधलेल्या मचाणावर बसतो, आणि बाण खालच्या दिशेनें, वीस-पंचवीस पावलांवर सोडतो. मैदानावर असें झाड नव्हतें. म्हणून वाड्याच्या माडीच्या सज्जांतून खालीं अंगणांत बाण सोडण्याचें ठरलें. अंगणांत पेंढ्यांचा भारा रचला, मागें गोठ्याची जुनी दगडी भिंत. आणि वहिनींनीं अट घातली कीं, आम्ही सज्जांत उभे असेपर्यंत अंगणाचीं दोन्ही दारें आंतून बंद राहतील व किल्ल्या त्यांच्या कमरेला. शिवाय तिकडच्या थंडींत जाड कोट असावयाचा, आणि धनुष्याची दोरी कोटाच्या बाहीला घासली तर बाण वांकडा जावयाचा. म्हणून भर वैशाखांत, नगरचा पारा चाळिशीवर असतांना, लोकरीचा कोट घालून आम्ही सज्जांत उभे राहत असूं. शेजारच्या वाड्यांतील मंडळींनीं आमच्या प्रकृतीची चौकशी आमच्या कुटुंबाजवळ हळू आवाजांत केल्याचें मागाहून कळलें.

बाणांचीं अग्रेंहि निराळीं. मैदानी बाणाचें टोंक पेन्सिलीसारखें. शिकारीच्या बाणाला वस्तऱ्याच्या धारेचीं रुंद पातीं असतात, आणि त्यांची रुंदी तेथील नियमाप्रमाणें निदान सात-अष्टमांश इंच लागते. दोन्ही अग्रांचें वजन मात्र अगदीं सारखें हवें, नाहींतर सराव एका बाणाचा आणि प्रसंग दुसऱ्याचा, असें होतें. आमचीं अग्रें शंभर ग्रेनांचीं, म्हणजे साडेसहा ग्रॅमांना किंचित् कमी. तीं आम्हीं सराफाच्या काट्यावर जोखून घेतलीं. सराफांनीं संवयीनें प्रथम "घडणावळ काय पडली?" असेंच विचारलें.

विमानांत धनुष्यबाण जवळ बाळगतां येत नाहींत. ते खालच्या सामानांतच द्यावे लागतात, आणि एका पेटीस बहुधा तेवीस किलोंची मर्यादा असते. सुदैवानें आमच्या धनुष्याचे तीन तुकडे होतात. ते आईच्या जुन्या नऊवारींत गुंडाळून पेटीच्या तळाशीं बसविले. धारदार अग्रें बाणांवरून काढून कुलुपी डबींत ठेविलीं, आणि डबीवर मोठ्या अक्षरांत तशी चिठ्ठी चिकटविली, म्हणजे पेटी उघडून पाहणाऱ्या बिचाऱ्याचें बोट कापणार नाहीं. सुटी दोरी एक नव्हे, दोन. दोरीचें मेण, स्क्रू पिळण्याच्या षट्कोनी किल्ल्या, आणि झाडाला बांधून घेण्याचा पट्टा. या शेवटच्या वस्तूविषयीं बंधूंचा आग्रह सर्वांत अधिक होता. धनुष्याच्या हंगामांत माणसें जखमी होतात तीं बाणांपेक्षां झाडावरून पडूनच अधिक, असें त्यांचें म्हणणें. आणि हें ऐकल्यापासून आमचें कुटुंब त्या पट्ट्याच्या शिवणी रोज एकदां ओढून पाहत असे.

पण खरी पंचाईत वासाची. हरणाला माणूस दिसतो त्याच्या कितीतरी आधीं त्याचा वास येतो. आमच्या घरांतील कपड्यांना पिढीजात हिंगाच्या फोडणीचा, उदबत्तीचा आणि पेटाऱ्यांतील कापराचा वास; त्या वेषांत आम्ही रानांत शिरलों तर चार कोसांवरच्या हरणांनासुद्धां नगरचा माणूस आल्याची वर्दी पोंचावी. तेव्हां शिकारीचे कपडे बिनवासाच्या साबणानें धुऊन, गच्चीवर वाळवून, हवाबंद पिशवींत घालून स्वयंपाकघरापासून सर्वांत दूर, म्हणजे दिवाणखान्यांतील ग्रंथांच्या कपाटांत ठेवण्यांत आले. धावळपुरीकडून आणलेलें घोंगडें न्यावें असा आमचा फार विचार होता, कारण लोकर ओली झाली तरी ऊब सोडीत नाहीं आणि सूत सोडतें. पण घोंगड्याला मेंढीचा वास इतका जिवंत होता कीं तें बंधूंच्या घरीं पांघरावयास न्यावें, रानांत नव्हे, असें ठरलें.

आणखी एक गंमत. नोव्हेंबरच्या अखेरीस तेथें नऊ दिवस बंदुकीचा हंगाम असतो. त्या दिवसांत धनुर्धाऱ्यानेंहि झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी वस्त्र अंगावर घातलेंच पाहिजे. दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस ओळखूं यावा हा हेतु. हरणाला हा नारिंगी रंग आपल्यासारखा भडक दिसत नाहीं. आपल्याकडे हिंसेचा त्याग केलेला पुरुष जो रंग परिधान करितो, जवळजवळ तोच रंग तिकडे शिकारीस जातांना सक्तीचा, हें ऐकून आमचे थोरले बंधु बराच वेळ हंसत होते.

खाद्यपदार्थांचें प्रकरण वहिनींकडे होतें. अमेरिकेच्या जकातनाक्यावर ताजीं फळें, बीबियाणें, मांसाचे पदार्थ चालत नाहींत. कढीलिंबाच्या पाल्यासहि मनाई आहे, कारण संत्र्या-लिंबांच्या बागांना रोग लावणारी कीड त्यावरून जाण्याची भीति. जें असेल तें आधीं सांगून दाखवावें लागतें. म्हणून लाडू, चकल्या, मेतकूट आणि भाजणी यांची स्वच्छ यादी पुतणीनें इंग्रजींत लिहून दिली आहे. शिकारीस चाललेल्या माणसाच्या पेटींत सहा किलो फराळ आणि दीड किलो हत्यारें, असें प्रमाण तूर्त पडलें आहे.

येथपर्यंत सर्व सुखानें चाललें. पुढें अभ्यास सुरू झाला. १९७३ च्या पहिल्या जानेवारीला किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला त्या राज्यांत शिकारीच्या परवान्यापूर्वीं सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. प्रौढांस तो घरबसल्या करतां येतो. रात्रीं जेवणें झाल्यावर आम्ही दिवाणखान्यांत तो वाचीत असूं, आणि आई जवळच्या झोंपाळ्यावर बसून ऐके. त्यांतील एक मुख्य नियम असा कीं, लक्ष्य काय आहे तें निश्चित ओळखावें, आणि लक्ष्याच्या पलीकडे काय आहे तेंहि ओळखावें. हें मराठींत सांगतांच पुतणीनें हरकत घेतली. द्रोणाचार्यांनीं झाडावरचा पक्षी दाखविला तेव्हां अर्जुनाला पक्ष्याचा डोळा तेवढा दिसला, झाड दिसलें नाहीं, म्हणूनच तो श्रेष्ठ ठरला ना? मग हे लोक पलीकडचें पाहा म्हणून कां सांगतात?

आमच्याआधीं आईनेंच उत्तर दिलें. "तो पक्षी लांकडाचा होता," ती म्हणाली.

या चार शब्दांनीं आम्हांस लहानपणापासून ऐकलेल्या कथांचा एक नवाच क्रम लागला. दशरथानें रात्रीं शरयूच्या कांठीं घागर भरण्याचा आवाज ऐकला आणि हत्ती समजून बाण सोडला, श्रावण मेला. जरा नांवाच्या पारध्यानें झाडींतून पाय तेवढा पाहिला, हरीण समजून बाण सोडला. श्रीकृष्णाचा अवतार संपला. कर्णाच्या बाणानें चुकून ब्राह्मणाची गाय मारली गेली आणि शाप पाठीस लागला. पंडूनें तर हरणांची जोडी धडधडीत पाहिली होती. पण तीं कोणत्या अवस्थेंत आहेत हें त्यानें मनांत आणलें नाहीं, आणि किंदम ऋषींच्या शापानें कुरुकुळाचा पुढचा सारा इतिहास फिरला. आपल्या दोन्ही महाकाव्यांतील किती अनर्थ अशा अर्धवट पाहून सोडलेल्या बाणांतून निघाले आहेत! उलट कालिदासाचा दुष्यंत धनुष्य ओढून तयार असतां तपस्वी आडवे येतात, हें आश्रमाचें हरीण आहे म्हणून सांगतात, आणि राजा चढविलेला बाण उतरवितो. निर्जीव लक्ष्यापुढें डोळ्याखेरीज सर्व विसरावें. सजीवापुढें डोळ्याखेरीजचें सर्व आठवावें. अमेरिकन अभ्यासक्रमाचें आणि झोंपाळ्यावरच्या आमच्या आईचें यावर एकमत झालें.

परंतु आई तेवढ्यावर थांबणारी नव्हे. दुसऱ्या दिवशीं तिनें सरळ प्रश्न टाकला: "मांस तूं खाणार नाहींस. त्या हरणानें तुझें शेत खाल्लें नाहीं. मग तुझें आणि त्याचें वैर कोणतें?"

आम्हीं बंधूंचा आधार घेतला. त्यांनीं दूरध्वनीवरून सर्व बाजू नीट मांडली. तिकडे लांडगे माणसानें एके काळीं मारून संपवीत आणले, त्यामुळें हरणें वाढलीं; तीं पिकें खातात, रस्त्यांवर मोटारींखालीं सांपडतात, कोवळीं झाडें वाढूं देत नाहींत. आल्डो लिओपोल्ड नांवाचे वनशास्त्रज्ञ त्याच मॅडिसनच्या विद्यापीठांत अध्यापक होते व स्वतः धनुष्यानें शिकार करीत. लांडगे कमी झाले म्हणजे हरणें वाढतील या समजुतीनें तरुणपणीं त्यांनीं लांडगेहि मारले होते. पुढें हरणांनीं उघडे पाडलेले डोंगर पाहून त्यांचें मत पालटलें, आणि १९४८ सालीं त्यांच्या निधनानंतर पुढच्या वर्षीं निघालेल्या ग्रंथांत त्यांनीं तें लिहून ठेविलें आहे. सरकार हरणांचा अंदाज घेऊन परवाने देतें. परवान्याचा पैसा रानांच्या राखणीस लागतो. आणि २००० सालापासून अशी व्यवस्था आहे कीं शिकाऱ्यानें आपलें हरीण गरिबांच्या अन्नछत्रांस दान द्यावें.

आईनें सर्व शांतपणें ऐकून घेतलें. "हा त्यांच्या देशाचा हिशेब झाला, आणि तो बरोबर असेल," ती म्हणाली. "मी तुझा विचारतें आहें."

आमच्या जिल्ह्याचाहि एक हिशेब आहे. अकोले भागांतील बिबट्यांविषयीं विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. रान नव्हे, उसाची शेती आणि वस्ती असलेल्या त्या मुलखांत शंभर चौरस किलोमीटरांत सुमारें पांच प्रौढ बिबटे राहत असल्याचें त्यांत आढळलें. माणसानें येथें हत्यार खालीं ठेविलें. त्याची किंमत शेतकरी आपल्या शेळ्या-कुत्र्यांनीं, आणि कधीं दुर्दैवानें घरच्या माणसानेंहि देतो. म्हणजे मारणें जसें फुकट होत नाहीं, तसें न मारणेंहि फुकट होत नाहीं. हें आम्हांस पटलें; पण आईच्या प्रश्नाचें उत्तर त्यांतहि नव्हतें.

निर्णय लांबणीवर टाकण्याची सोय नव्हती. हंगामांत परवान्यावांचून धनुष्य घेऊन रानांत बसणें हा तेथें गुन्हा आहे; तेव्हां प्रसंग आल्यावर पाहूं, असें म्हणणाऱ्यालाहि परवाना आधीं घ्यावा लागतो. बंधूंनीं मध्यम मार्ग सुचविला: धनुष्य त्यांच्या परसांत चालवावें, आणि रानांत रिकाम्या हातांनीं त्यांच्याजवळ बसावें. आम्हांस तो मार्ग फार सोयीचा वाटला, आणि आईलाहि तो आवडेल या खात्रीनें आम्हीं तिला तो सांगितला. ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "हातांत धनुष्य असून सोडलें नाहीं, तर तें तुझें. हातांत नव्हतेंच म्हणून सोडलें नाहीं, तर त्यांत तुझें काय? जायचेंच असेल तर परवाना घेऊन जा. मी हो म्हणत नाहीं, नाहींहि म्हणत नाहीं. तुझ्याजवळ उत्तर नाहीं, तें तिथें सांपडतें का पाहा."

त्याप्रमाणें परवाना घ्यावयाचें ठरलें, आणि पुतणीनें गुरुत्वाच्या अधिकारानें एका कागदावर कलमें लिहून दिलीं. वीस पावलांपलीकडे बाण नाहीं. अंधुक उजेडांत नाहीं. जनावर उभें, आडवें आणि स्वस्थ असल्याखेरीज नाहीं. मागें काय आहे तें दिसल्याखेरीज नाहीं. पाडसासह असलेल्या मादीवर नाहींच. शेवटचें कलम आईनें घातलें: बाण लागलाच, तर जनावर सांपडेपर्यंत, रात्र झाली तरी, परत फिरावयाचें नाहीं. गंमत अशी कीं अभ्यासक्रमांतहि हें कर्तव्य असेंच सांगितलेलें आहे. जखमी जनावराला थोडा वेळ द्यावा, मग रक्ताच्या थेंबांवरून सावकाश माग काढावा, आणि माग सोडूं नये. त्यासाठीं चांगली विजेरी आणि जास्तीच्या बॅटऱ्या पेटींत पडल्या.

काल रात्रीं पेटी जोखली. साडेबावीस किलो भरली. कुलूप लावण्यापूर्वीं आईनें देवघरांतून गंगाजळाची एक लहानशी सीलबंद कुपी आणून आमच्या हातांत ठेविली. आम्हांस वाटलें, परदेशीं प्रकृतीचें कांहीं बरेंवाईट झालें तर असावी म्हणून. ती म्हणाली, "तुझ्यासाठीं नाहीं. लागलाच बाण, तर त्याच्या तोंडांत दोन थेंब घाल."

वहिनींच्या यादींत कपडे, औषधें, फराळ आणि आयुधें असे चार भाग आहेत. ती कुपी यांपैकीं कोणत्या भागांत लिहावी याचा निर्णय त्यांनीं अजून केलेला नाहीं. तूर्त ती एका पायमोज्यांत गुंडाळून बाणांच्या शेजारीं ठेविली आहे.